मानेने मिळवलेली नोकरी

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, इंग्रजांच्या मुलुखात, इंग्रजांच्याच शाळेत इंग्रजी शिकवण्यास खाली सही करणारा इसम एके काळी सिद्ध झाला होता. इंग्रजांना मात्र त्याची काही निकड वाटत नव्हती.

बायकोच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागे मी मँचेस्टरला आलो होतो. पुण्यातल्या शाळेतली माझी बिनपगारी रजा महिन्याभरात संपणार होती. तोवर इथे काम मिळालं नाही तर मी तिकडे आणि ती इकडे, असं ठरलं होतं. पोलंडहून कुटुंबं नुकतीच येऊ लागली होती आणि कौन्सिलच्या शाळांना अशा मुलांना इंग्रजी शिकवायला मदतनीस हवे होते. पाच शाळांनी मला आभारपूर्वक नकार कळवला. सहाव्या शाळेने बोलावलं. चार मुलांना वीस मिनिटं शिकवून दाखवायचं, मुख्याध्यापिका मागे बसून बघणार.

निघताना बायको म्हणाली, "इंग्रजीची काळजी नाही रे. फक्त ते हातवारे आवर. वर्ग आहे, नाटक नाही."

म्हणून मी हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहिलो. पण अंगातलं नाटक कुठून तरी बाहेर पडणारच. ते मानेतून पडलं.

फळ्यावर चित्रं लावली होती. मी हनुवटीनेच सफरचंद दाखवलं. एक मुलगा म्हणाला, "ॲपल." मी खूश होऊन आपली घरची मान डोलावली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तो चपापला. "ऑरेंज?" बिचाऱ्याला धीर द्यावा म्हणून मी आणखी प्रेमाने डोलावली. दुसऱ्याने टोमॅटो म्हणून पाहिलं. तिसरा कांद्यापर्यंत पोचला. मागे मुख्याध्यापिका भराभर लिहीत होत्या आणि मला पुण्याचं विमान दिसू लागलं होतं.

तेवढ्यात पोलंडची एक मुलगी उठून उभी राहिली आणि तिने मला स्पष्ट प्रश्न विचारला. सगळे हसले. वेळ संपली.

दोन दिवसांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. नोकरी माझी होती. ती मुलगी शाळेत आल्यापासून इंग्रजीत अख्खं वाक्य बोललीच नव्हती म्हणे. तिला बोलतं करणारी माझी पद्धत त्यांना फार आवडली होती. मी नम्रपणे आभार मानले. बायकोला मात्र ते वाक्य जसंच्या तसं सांगावं लागलं.

"सर, प्लीज, युवर हेड, इज इट यस ऑर नो?"