असूदेंची मागची खोली

असूदे पहिल्यांदा ताईंच्या माहेरी आले तेव्हा आधी जिन्यात खणखणाट झाला, मग गल्लीतली कुत्री भुंकायची थांबली, मग दाराची चौकट जराशी कलली आणि सगळ्यात शेवटी ते स्वतः दिसले. खिशांत स्क्रू, नट, स्प्रिंगा आणि वायरींचे तुकडे इतके ठासून भरलेले, की पँट कमरेवर राहिली होती ती केवळ देवाच्या कृपेने. बसण्यासाठी त्यांनी नुसता गुडघा वाकवला, तर एक नट निसटला आणि घरंगळत थेट स्वयंपाकघरात ताईंच्या पायाशी जाऊन थांबला. इतर मुलींना कुणाचं पत्र येतं, कुणाचं फूल येतं. ताईंना नट आला.

ते आले होते टेबलफॅन दुरुस्त करायला. त्यांनी फॅन असा काही उलगडला की बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि कोपऱ्यात बसलेली आजी संध्याकाळपर्यंत तिथेच अडकून पडली. फॅन पुन्हा जुळला तेव्हा तीन स्क्रू शिल्लक होते.

"हे उरले कसे?" ताईंच्या वडिलांनी विचारलं.

"कंपनी जास्तीचे देते," ते म्हणाले आणि स्क्रू खिशात घातले. "असू दे. लागतील कधीतरी."

फॅन सुरू झाला आणि भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं. वडिलांच्या डोक्यावरचे राहिलेले केस उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. वडील व्यवहारी होते. रात्रीच्या जेवणाआधी ते बायकोला म्हणाले, "जो माणूस गंजका स्क्रू टाकत नाही, तो बायकोला काय टाकणार! देऊन टाकू मुलगी." मुलीबरोबर फॅनही दिला.

वडिलांचा अंदाज खरा ठरला. असूदेंनी बायकोला टाकलं नाही. पण दुसरंही काही टाकलं नाही.

गल्लीच्या टोकाला त्यांचं दुरुस्तीचं लहानसं दुकान. लोक बिघडलेली वस्तू देऊन जायचे, मधल्या काळात नवी घ्यायचे आणि जुनीला विसरायचे. असूदे अशा बेवारशांना घरी आणत. दिवसाचं शेवटचं वाक्य ठरलेलं: "असू दे, लागेल कधीतरी." म्हणता म्हणता सगळी इमारत त्यांना असूदे म्हणू लागली. खरं नाव तेवढं विजेच्या बिलावर उरलं.

मागच्या खोलीचं दार आता बारीक माणूस आडवा होऊन शिरेल इतकंच उघडायचं. आत बूड नसलेल्या इस्त्र्या, मुके रेडिओ, वेगवेगळ्या वेळी थांबलेली घड्याळं. भांडं नसलेले मिक्सर होते आणि मिक्सर नसलेली भांडी होती. एकाच खोलीत इतकी वर्षं राहून त्यांची लग्नं काही जमली नव्हती. ताईंच्या वडिलांचा टेबलफॅनही आत कुठेतरी होता.

ताई शिवणकाम करत. मशीन स्वयंपाकघराच्या तोंडाशी, बेतणं-कापणं जेवणाच्या टेबलावर. एकदा गिऱ्हाइकाच्या कोऱ्या शर्टावर चहा सांडला. ताईंनी डागावर खिसा बसवला. गिऱ्हाईक म्हणालं, "खिसा पोटावर?" ताई म्हणाल्या, "सध्या असंच चाललंय." पुढच्या आठवड्यात त्याचा मेहुणा आला, पोटावर खिसा हवा म्हणून.

पण असे खिसे बसवून किती दिवस काढणार? त्या उन्हाळ्यात शेजारच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी ताईंना बोलावलं. सगळ्या शाळेचे गणवेश त्यांच्याकडे द्यायचा विचार होता. "हात चांगला आहे तुमचा," बाई म्हणाल्या, "पण पोरांचे कपडे जेवणाच्या टेबलावर नकोत. स्वतंत्र खोली दाखवा, काम घेऊन जा. शाळा सुरू व्हायच्या आधी मी बघायला येईन."

ताईंनी घरी येऊन मागच्या खोलीच्या फटीतून आत पाहिलं. एक रेडिओ त्यांच्याकडे बघत होता.

"अहो, खोली रिकामी करायला हवी."

"करू की," असूदे म्हणाले. "तू सांग, यातलं नको असलेलं काय आहे?"

"सगळं."

"तसं नाही. एकेक सांग."

ताईंनी इस्त्री उचलली. कुठून चांगलं बूड मिळालं तर तिचं हँडल लागणार होतं. रेडिओ उचलला, त्याचं बटण लागणार होतं. शेवटी दोरीचा तुकडा उचलला. दोरी तर काय, लागतेच.

ताईंची धाकटी बहीण या विषयातली तज्ज्ञ होती. तिने घर हलकं करण्याचा रीतसर वर्ग केला होता आणि तिचं घर इतकं हलकं झालं होतं की पाहुण्यांनी भिंतीला टेकून उभं राहावं. फार वेळ बसलात तर तुम्हालाही कुणाला तरी देऊन टाकतील, अशी धास्ती वाटायची. नवरा आताशा ऑफिसातून उशिरा यायचा आणि आल्यावर आधी आपली चप्पल जागेवर आहे का ते बघायचा.

"ताई, तू एकदम करायला जाऊ नकोस," धाकटी म्हणाली. "रोज दोन-तीन वस्तू. हळूच. घराला कळता कामा नये."

"घराचं सोड, यांना कळता कामा नये."

"तेच ते. आणि पलंगाखालच्या तुझ्या चिंध्यांच्या पिशव्याही काढ."

"त्या लागतात," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी चोरी सुरू केली, स्वतःच्याच घरात. असूदे दुकानात गेले की आडवं होऊन आत शिरायचं, हाताला लागेल ते घ्यायचं, वर भाजीची पिशवी धरायची आणि भंगारवाल्याची हातगाडी गाठायची. पहिल्या दिवशी गेली लाल दोऱ्याने वायर बांधलेली एक इस्त्री, एक घड्याळ आणि मिक्सरचं एक झाकण. परतताना ताईंची चाल अशी, जणू डोक्यावरून डोंगर उतरला.

संध्याकाळी असूदे लग्नाला निघाल्यासारखे हसत आले. हातात इस्त्री होती.

"बघ काय मिळालं! कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे. आपल्याकडे आहे ना, थेट तशीच! आता जोडी झाली."

ताईंनी वायरीकडे पाहिलं. लाल दोरा. त्यांनीच बांधलेला. आता बोलणार काय? बोलावं तर चोरी कबूल होते. "छान आहे," त्या म्हणाल्या. तोंड असं, जणू चहात मीठ पडलंय.

"हिला पहिलीच्या शेजारी ठेवतो," म्हणून असूदे आत शिरले. ताईंनी मशीनचं चाक उगाचच फिरवलं. आतून बराच वेळ खडखड ऐकू आली. मग ते बाहेर आले, केसांत जाळं घेऊन. "पहिली सापडत नाही," ते शांतपणे म्हणाले. "असेल आतच. जाणार कुठे?"

मग हेच चालू झालं. सकाळी ताई वस्तू पुढच्या दाराने बाहेर काढत, संध्याकाळी असूदे त्याच दाराने आत आणत. कधी कधी तर जास्तच आणत. भंगारवाल्याने दुसऱ्याचा एखादा रेडिओही गळ्यात मारलेला असे. घरचं झालं थोडं, त्यात व्याह्याने धाडलं घोडं! महिना उलटला आणि दार आधी जितकं उघडायचं तितकंही उघडेना.

ताई तडक हातगाडीवर गेल्या. "काय हो, आमच्याच वस्तू आमच्याच माणसाला विकता?"

भंगारवाला दुखावला. "ताई, तुम्ही आणता, मी नाही म्हणतो का? साहेब नेतात, मी अडवतो का? दोघांचं मन राखतो मी. आणि खरं सांगू? पोरीची फी तुमच्या संसारावर निघाली. तुम्ही दोघं आपसात बोलू नका एवढीच विनंती आहे."

शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस उरले होते. ताई मशीनवर डोकं टेकून बसल्या होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर दारात आले. त्यांचा टेबललॅम्प गेला होता. "असूदे," ते म्हणाले, "तुमच्याकडे एखादा जुना दिवा असेल का हो? चार दिवसांपुरता?"

असूदेंचा चेहरा बदलला. आयुष्यभर ज्या दिवसाची वाट पाहिली तो दारात उभा होता. ते आत शिरले, पत्रे कोसळल्यासारखा आवाज झाला आणि हातात दिवा घेऊन ते बाहेर आले. बनियनने पुसला, वायर जोडली, लावून दाखवला. "न्या मास्तर. परत आणायची घाई नाही. राहू दे तुमच्याकडेच." आणि ताईंकडे वळून छाती पुढे काढून म्हणाले, "काय म्हणालो होतो? लागतं!"

ताईंनी मशीनवरून डोकं उचललं. महिनाभर जे कळलं नव्हतं ते एका दिव्याच्या उजेडात कळलं. हा माणूस वस्तू टाकत नव्हता, पण द्यायला केव्हाचा तयार होता. मागायलाच कुणी आलं नव्हतं.

त्याच दुपारी त्या मास्तरांकडे गेल्या. "मास्तर, पडदे शिवून देते, फुकट. फक्त खाली येऊन आणखी काहीतरी मागा."

"काय मागू?"

"घड्याळं मागा. बंद असलेली."

"बंद घड्याळं कशाला लागतील माणसाला?"

"तुम्ही शिक्षक होतात. काहीतरी सांगा."

मास्तर खाली आले आणि असूदेंना म्हणाले, "मला दोन-तीन बंद घड्याळं हवी होती. शिकवायला." कोणाला शिकवायला, हे असूदेंनी विचारलं नाही. दोन मागितली तर चार दिली.

मग इमारतीत उशांचे अभ्रे, झालरी, पोरांच्या चड्ड्या फुकटात शिवून निघू लागल्या आणि मागच्या खोलीसमोर रांग लागली. मात्र सगळ्यांना हे जमत नव्हतं. तळमजल्यावरचा न्हावी सरळ म्हणाला, "काहीही द्या हो, चालेल."

असूदे ताठ झाले. "काहीही म्हणजे? या खोलीत 'काहीही' नावाची वस्तू नाही."

न्हाव्याला रिकाम्या हाती परतावं लागलं. ताईंनी त्याला जिन्यात गाठलं. "ताकाला जाऊन भांडं लपवायचं नसतं, हे मान्य. पण ताकाला आलोय एवढं तरी सांगायचं ना! जा, रेडिओ मागा. गिऱ्हाइकांना गाणी ऐकवायची म्हणा."

"तो वाजतो का?"

"नाही. पण तुम्ही गाता ना?"

न्हावी रेडिओ घेऊन गेला, ताईंच्या कात्रीला धार लावून देईन असंही कबूल करून. पाठोपाठ मिक्सर गेले, भांडी गेली, दोऱ्या गेल्या. दुधवालीने तर पंख्याची पाती नेली. कशाला, ते तिलाही सांगता आलं नाही, पण तिने मागताना डोळ्यांत पाणी आणलं. खोलीच्या कोपऱ्यातून एके दिवशी फरशी दिसली. तिचा रंग पाहून दोघंही चकित झाले.

उरला टेबलफॅन. मास्तर पुन्हा आले. आता त्यांना मागायची सवयच लागली होती. "हा पंखा..."

"हा नाही," असूदे म्हणाले. "याचे तीन स्क्रू बसवायचे राहिलेत."

बाई पाहणीला आल्या त्या दिवशी मोकळ्या खोलीत एक टेबल, ताईंचं मशीन आणि तो फॅन, एवढंच होतं. उकडत होतं म्हणून असूदेंनी फॅन लावला. बाईंच्या हातातले कागद खिडकीतून बाहेर गेले. बाई खाली जाऊन ते गोळा करून आल्या आणि म्हणाल्या, "हवेशीर आहे जागा. सोमवारी कापड पाठवते."

बाई गेल्यावर असूदे रिकाम्या भिंतीला हात लावून उभे राहिले.

"कसंतरी वाटतंय का?" ताईंनी विचारलं.

"मास्तरांना बंद घड्याळं कशाला लागतात, हे मला कळत नाही असं वाटतं का तुला?"

ताई टेबलावरचा टेप गुंडाळू लागल्या.

"आणि त्या इस्त्रीच्या वायरीला तुझा लाल दोरा होता. पहिल्याच दिवशी पाहिला."

"मग परत का आणलीत?"

"भंगारात गेली होती म्हणून," असूदे म्हणाले. "मागून नेली असती तर कशाला आणली असती? मागितलेल्या वस्तूला मान असतो."

ताईंनी चहा केला. दोघांनी तो नव्या खोलीत, फरशीवर बसून घेतला. फॅनने तो लगेच गार केला.

गणवेशाचं काम मिळालं आणि टिकलंही. पहिल्या वर्षी गडद निळ्या कापडाच्या चिंध्या पुष्कळ उरल्या. ताईंनी त्या पिशव्यांत भरून खोलीच्या कोपऱ्यात ठेवल्या, कारण चिंध्या लागतात. दुसऱ्या वर्षी शाळेने रंग बदलला, तेव्हा खाकीच्याही ठेवल्या. धाकटीने एकदा विषय काढला होता. तिला चहा देऊन परत पाठवलं.

मागच्या खोलीचं दार सध्या बारीक माणूस आडवा होऊन शिरेल इतकं उघडतं. कापड जेवणाच्या टेबलावर कापतात.