सहा मीटर जास्त

"मोजलं का?" एवढंच विचारून अण्णा धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायला लागायचे. उत्तर मिळेपर्यंत पुसणं चालूच.

आमच्या सोलापूरच्या दैनिकात त्यांनी जन्मभर खेळाचं सदर लिहिलं आणि त्यातली बरीच वर्षं मी त्यासाठी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. नवी पेठेतल्या हॉटेलात कुणी म्हणालं, अमुक पैलवान साडेसहा फूट आहे, की अण्णांची बशी ओठांशीच थांबायची. माझं लग्न ठरलं तेव्हा मी सांगितलं, मुलगी चांगली उंच आहे. त्यांनी काय विचारलं, ते तुम्हीच ओळखा! त्यांच्या पिशवीत डब्याशेजारी लोखंडी टेप असायची. तिच्याशिवाय लांब उडीचा आकडासुद्धा छापून येत नसे.

फक्त एकदा त्यांनी मोजलं नाही.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत एका गिरणी कामगाराची पद्मा चारशे मीटर अशी काही पळाली, की अण्णा आनंदात टेप काढायचीच विसरले. तिची वेळ पेपरात आली. आठ दिवसांत पुण्याहून निवड समितीचं पत्र: एवढी वेळ शक्य नाही, सोलापूरचं मैदान कमी भरत असणार, मुलीला पुण्याच्या स्पर्धेला पाठवू नये.

पद्माचा बाप ते पत्र घेऊन छापखान्यात आला. "अण्णा, पोरगी जेवंना झालीय. खोटं पळाली का वो ती?"

अण्णांचा चेहरा उतरला. मला मात्र त्या समितीचा संताप आला. म्हटलं, "लिवा की, मैदान बरोबर हाय म्हणून."

"मोजलं का?" अण्णा म्हणाले. "कमी भरलं तर तेही छापायचं. माझी चूक म्हणून, माझ्या नावानं."

दुसऱ्या दिवशी भर उन्हात आम्ही शाळेच्या मैदानावर. चारशेला दोन फेऱ्या, म्हणजे एक फेरी दोनशेची हवी. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं अण्णांकडे, मागोमाग पद्माचा बाप. फक्कीच्या रेघेवरून दोघं उकिडवे सरकत होतो. पद्मा लांब कठड्याशी उभी होती, जवळ यायला तयार नव्हती.

दोनशे मीटर भरले, आणि फेरी अजून पुरी व्हायचीच होती. अण्णांनी पहिल्यापासून पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. फेरी दोनशे तीन मीटरांची!

या माणसाला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पद्मे, सहा मीटर जास्त पळालीस गं!"

बाप मैदानातच मटकन बसला आणि रडायला लागला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

अण्णांनी सगळे आकडे छापले आणि समितीला बोलावणं धाडावंच लागलं. पद्माबरोबर अण्णाही पुण्याला गेले. संध्याकाळी छापखान्यात त्यांचा ट्रंककॉल आला.

"मोजलं. हितलं पुरं चारशे हाय."

"अवो अण्णा, निकाल सांगा!"

"पहिली की! दुसरी पार मागं राहिली."

निवडणुकीसाठी राखून ठेवलेले सगळ्यात मोठे खिळे मी कुणाला न विचारता काढले. संपादकांनी पाहिलं आणि पेढे मागवले.

अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. टेप त्यांनी आधीच पद्माला देऊन टाकली होती. ती आता त्याच शाळेत खेळाची बाई आहे. मध्यंतरी मैदानावर फक्की टाकून घेताना दिसली. मी म्हटलं, "बाई, आता तरी फेरी दोनशेची करा की."

"नको, काका. दोनशे तीनच ठेवलीय, मोजून. पोरी पुण्याला गेल्या की तितलं मैदान त्यांना लहान वाटतं."