केळीखालचे मामा

करी रोडच्या आमच्या चाळीत तळमजल्याची खोली म्हणजे मोरीचा वास, वरून पडणारं पाणी आणि घुशी. आईला मात्र हीच खोली हवी होती. मागच्या खिडकीबाहेर, चाळ आणि मिलची भिंत यांच्यामध्ये मातीची एक चिंचोळी पट्टी होती. तिथं तिनं अळू लावलं, मिरची लावली आणि माहेराहून आणलेला केळीचा मुनवा मोरीच्या पाण्यावर वाढवला. लग्नानंतर ती एकदाच माहेरी जाऊन आली होती, तेव्हाचा तो. पुन्हा कधी जायचं विचारलं की बाबा म्हणत, "मुंबई मिळू दे, मग जाऊ." बाबांचा दिवस मिलमध्ये जायचा आणि उरलेला मोर्च्यात. मुंबईचा आणि माझ्या आजोळचा काय संबंध, हे मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही.

त्या वर्षी केळीला केळफूल आलं आणि घुशीनं नेमकं तिच्याच बुडाशी बीळ केलं. सकाळी उठून बघावं तर मातीचा ढीग आणि अळू आडवं. आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण घरात घुशीचं नाव काढायची सोय नव्हती. तिला म्हणे सगळं ऐकू जातं, आणि मग ती डूख धरून लुगडी कुरतडते. म्हणून 'मामा' म्हणायचं. आईनं शेजारच्या आजींकडून खुणेनंच पिंजरा मागून आणला, आत सुका बोंबील अडकवला आणि केळीपाशी ठेवला.

दुसऱ्या सकाळी मामा आत होते. आणि त्याच सकाळी संचारबंदी लागली.

मागे जायचं तर पुढच्या दारानं बाहेर पडून चाळीला वळसा घालावा लागे, आणि वळणावर पोलीस उभे. बाबा घरात अडकल्यामुळे आधीच चिडलेले. कपडे वाळत घालायची लांब काठी त्यांनी खिडकीच्या गजांतून बाहेर काढली. "इथूनच टोचून मारतो," म्हणाले.

शेजारच्या मालवणी आजी दारात आल्या. "आज संकष्टी रे. गणपतीचा वाहन ता, आज मारू नको."

आईचा उपास होता. तिनं बाबांच्या हातातून काठी काढून घेतली.

मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. पुढचं दार बंद, स्टोव्हचा वास कोंडलेला, बाबा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारताहेत. खोलीचा इतका वीट मला कधी आला नव्हता. आई गज धरून खिडकीशी उभी होती. बाहेर मामा तारा चावत होते, नाकाडावर रक्त आलं होतं. मला मनापासून आनंद झाला होता. बरी जिरली, असं मी दोनदा मोठ्यानं म्हणाले.

दुपारी ऊन थेट पिंजऱ्यावर आलं. घूस धडपड थांबवून चपटी पडून राहिली.

"पाणी नाही गं त्यांना," आई म्हणाली.

"मरू दे की."

"तुला काय कळतंय? दार समोर दिसतं आणि उघडत नाही, म्हणजे काय ते."

तिनं काठी बाहेर घातली. टोकाच्या बेचक्यानं पिंजऱ्याचं दार वर रेटलं आणि तसंच धरून ठेवलं. मामांना कितीतरी वेळ खरंच वाटेना. मग ते निघाले आणि तडक केळीखालच्या बिळात शिरले.

बाबांनी कपाळाला हात लावला. "वेड लागलंय का तुला? केळ जाईल आता."

"जाऊ दे," आई म्हणाली.

आणि गेलीच. संचारबंदी उठली तेव्हा केळ मिलच्या भिंतीला टेकून पडली होती, कंद पार पोखरलेला, नवा मुनवा फुटायचीही आशा नाही. आईनं केळफुलाची भाजी केली. बाबांनी दोनदा मागून घेतली. तिनं स्वतःला वाढलीच नाही.

पुढं एकदाचा महाराष्ट्र मिळाला, मुंबईसकट. चाळीत पेढे वाटले गेले. बाबा गुलालानं माखून घरी आले, आईच्या हातावर पेढा ठेवला. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"मग आता जाऊ या ना?" आई म्हणाली.

"कुठं?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवेना.

आईनं पेढा देवापुढं ठेवला, काठी उचलली आणि कपडे वाळत घालायला गेली.