माझ्या डाव्या पायाचा साचा

लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून माझा डावा पाय आखूड आणि आत वळलेला. बुटात फडकं कोंबून चालायची सवयच झाली होती. माझा नवरा माणिक वारंग मात्र प्रत्येक दुकानात शिरून विचारायचा, "हिच्या मापाचं काही मिळेल?" मग मीच त्याला ओढून बाहेर आणायची.

माणिक अंधेरीच्या एमआयडीसीत साचे बनवतो. जोगेश्वरीतल्या आमच्या घराच्या बाल्कनीत त्याने भंगारातल्या मोटरी जोडून स्वतःचं सीएनसी मशीन उभं केलं होतं. कॉम्प्युटर सांगेल तसं लाकूड कोरायचं. त्यावर नावाच्या पाट्या आणि गणपतीची मखरं व्हायची.

एक दिवस माझे बूट दुरुस्त करणाऱ्या चर्मकार भाऊंनी सांगितलं, "वहिनी, तुमच्या पायासारखा लाकडी साचा आणा. त्यावर चामडं ताणून खिळे मारतो. बूट बरोबर बसेल."

माणिकने माझ्या पायाचा प्लास्टरचा ठसा घेतला, त्यावरून कॉम्प्युटरवर आकार केला. पण त्याचं मशीन चालायचं तीनच दिशांना: डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे, वर-खाली. वरून कोरून ठोकळा उलटा केला की दोन्ही बाजू जुळेनात. टाचेखालच्या वळणात तर कटर पोचायचाच नाही.

"ठोकळ्यालाच फिरवायला आणि कलवायला हवं," तो म्हणाला. "म्हणजे पाच अक्ष."

"एवढ्याशा पायासाठी? राहू दे रे."

"तू गप बस गो."

त्याने पाळण्यासारखी कलणारी चौकट केली, तिच्यावर फिरणारी थाळी बसवली. पहिल्याच खेपेला पाळणा कलला, कटर थेट लाकडात घुसला आणि मोडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेवटी तो खालच्या मजल्यावरच्या किरणताईंकडे गेला. त्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितात. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"माणिकभाऊ, पाळणा कुठल्या बिंदूभोवती कलतो ते कॉम्प्युटरला नीट माहीतच नाहीये. तुम्ही काटेकोर माप द्या, हिशोब मी बसवते."

तो बिंदू शोधायला माणिकने थाळीवर पोलादी गोळी बसवली आणि पाळणा कलवत, थाळी फिरवत, मापाच्या काट्यावर गोळी किती सरकते ते बघत बसला. कित्येक रविवार किरणताई आमच्याकडे जेवल्या. माझ्या कोळंबीच्या कालवणावर एकदा हिशोब अडला, एकदा सुटला.

मग एका दुपारी कटर टाचेखालून अलगद वळला. बाल्कनीभर भुसा उडत होता आणि ठोकळ्यातून माझा पाय बाहेर येत होता. तोच वाकडा, तोच आखूड. इतकी वर्षं मी तो साडीखाली लपवला. या माणसाने त्याचं प्रत्येक वळण मनापासून मोजलं होतं. मला रडू आलं.

"काय झालं गो? चुकलं काय?"

"नाही रे. झकास झालाय."

चर्मकार भाऊंनी त्या साच्यावर तपकिरी बूट शिवले. ते घालून मी आधी किरणताईंच्या दारात गेले. त्यांनी खाली बसून नाडी बांधून दिली. मग माणिकबरोबर जोगेश्वरीच्या जुन्या गुंफांपर्यंत चालत गेले. पायऱ्या उतरताना मी त्याचा हात धरला. आधार लागला म्हणून नव्हे.