वहिनींचा डावा कान

सगळा बँड त्यांना वहिनी म्हणायचा. खरं तर त्या वहिनी एकाच माणसाच्या, ड्रम वाजवणाऱ्या धाकट्या दिराच्या. पण त्याचं ऐकून गिटारवाल्याने उचललं, मग गाणाऱ्या दोघांनी, आणि एकदा स्टेजवर ओळख करून देताना खुद्द नवऱ्याच्याच तोंडून निघून गेलं, "आणि कीबोर्डवर आहेत आमच्या वहिनी!" लोक पोट धरून हसले. नवरा घरी पोचेपर्यंत कुणाशी बोलला नाही.

बँड आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी. रोजचं काम वेगळं होतं. वहिनी पियानो जुळवायच्या. तीन शाळा, एक नाचाचा वर्ग, दोन सभागृहं, आणि हौसेने घेऊन ठेवलेल्या पण कुणीच न वाजवणाऱ्या पियानोंची पाच-सहा घरं. पियानोच्या बहुतेक सुरांना तीन-तीन तारा असतात. तिन्ही एकजीव झाल्या की सूर स्थिर उभा राहतो, एखादी केसभर चुकली तरी तो लाटेसारखा हलायला लागतो. ती लाट ऐकायची, किल्लीने खुंटी जराशी फिरवायची आणि लाट थांबवायची. एकोणीस वर्षं वहिनी हेच करत आल्या होत्या. डोळ्यांना चष्मा लागला, गुडघे कुरकुरू लागले, कानांनी मात्र कधी दगा दिला नव्हता.

त्या दुपारी एका कारखान्याच्या वर्धापनदिनाचा कार्यक्रम होता. वर पत्र्याचं छत, खाली फरशी, आणि स्टेज म्हणजे चार टेबलं जोडून केलेली बैठक. जागाच नव्हती. दिराची मोठी झांज वहिनींच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर आली. दिराला बँडमध्ये 'वादळ' म्हणायचे आणि त्या दिवशी वादळ रंगात होतं. लोकांनी एकच गाणं तीनदा वाजवायला लावलं.

खाली उतरल्यावर वहिनींना वाटलं, डाव्या कानात कुणीतरी बोळा कोंबलाय. आत एक बारीक शिट्टी चालू होती. त्या घाबरल्या नाहीत. असं पूर्वीही व्हायचं. "झोपलं की जातं," हे घरातलं ठरलेलं औषध होतं.

झोपून उठल्या, शिट्टी होती. दुसऱ्या दिवशीही होती. तिसऱ्या दिवशी त्या शाळेतला पियानो जुळवायला गेल्या. सवयीप्रमाणे वरचं झाकण उघडून, डावा कान तारांकडे करून काम केलं. दोन तास लागले. किल्ली पिशवीत ठेवत होत्या तेवढ्यात संगीत शिकवणाऱ्या बाई आल्या, उभ्या उभ्याच दोन ओळी वाजवल्या आणि थांबल्या.

"रागवू नका हं," त्या चाचरत म्हणाल्या, "पण वरचे सूर जरा उतरल्यासारखे वाटतात का हो तुम्हाला?"

एकोणीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. वहिनी कशाबशा हसल्या. "हवेने होतं कधीकधी. बघते परत."

बाई गेल्यावर त्यांनी दार लोटलं. पिशवीतून सुराचा चिमटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि उजव्या कानाशी धरला. नेहमीचा सूर, जन्मभर ओळखीचा. मग तोच चिमटा डाव्या कानाशी नेला. सूर वर सरकला. फार नाही, पण सरकला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. एका चिमट्याचे दोन सूर! त्या स्टुलावर बसून राहिल्या आणि बाहेर मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा एवढ्या दचकल्या, की चिमटा हातातून पडला.

सगळे वरचे सूर त्यांनी उजव्या कानाने परत जुळवले. त्याला आणखी दोन तास गेले.

घरी सासरे होते. त्यांच्या काळात ते नावाजलेले ट्रम्पेटवाले. आता बहिरे. कानाचं यंत्र टेबलाच्या खणात पडलेलं असायचं, कारण त्यातून म्हणे भांडी घासल्यासारखा आवाज येतो. "बाबा, चहा घेणार?" विचारलं की ते म्हणायचे, "परवाच कापले की!" आणि डोक्यावरून हात फिरवायचे. सगळे हसायचे, बाबाही हसायचे. त्या संध्याकाळी असंच काहीतरी झालं, पण वहिनी हसल्या नाहीत. त्या बघत राहिल्या. बाबांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली, सगळे हसताहेत याची खात्री झाली आणि मग ते हसले. इतकी वर्षं हे आपल्याला दिसलं कसं नाही?

कुणाला काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं. पियानो जुळवणारीचा कान गेला, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? पुढच्या कार्यक्रमाला त्यांनी केसांखाली लपेल असा कानात कापूस घातला. कापसाने झांज काही अडली नाही, शिट्टी मात्र घरी आल्यावर दुप्पट झाली. मग त्या औषधांच्या दुकानात गेल्या. कानात घालायचे फोमचे बोळे मिळत होते आणि प्रत्येक पाकिटावर आकडा होता, किती आवाज अडतो त्याचा. वहिनींनी सगळ्यांत मोठा आकडा उचलला. भ्यायलेलं माणूस मोठंच कुलूप घेतं.

बोळा पिळून आत सारला आणि तो आत फुगत गेला तसं जग विझत गेलं. पहिल्यांदा बरं वाटलं. मग गाणं सुरू झालं. झांजेची कड गेली, गाणारीचे शब्द गेले, स्वतःच्या बोटांखालचे सूर गोधडीत गुंडाळल्यासारखे झाले. उरला फक्त ड्रमचा धपधप आवाज आणि स्वतःचा श्वास, विहिरीतून आल्यासारखा. कडवं संपल्याचं त्यांना कळलंच नाही. सगळा बँड थांबला आणि त्या एकट्याच वाजवत राहिल्या. घाबरून त्यांनी एक बोळा उपटला आणि नेमकी झांज वाजली. कानात सुरी खुपसल्यासारखं झालं.

"काय होतंय तुला?" उतरल्यावर नवऱ्याने विचारलं. "नवशिकी असल्यासारखी!"

"चुकलं," वहिनी म्हणाल्या. "होतं एखाद्या वेळी."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात शेंगा सोलत होत्या. समोर बाबा बसले होते. नवरा आतल्या खोलीतून काहीतरी विचारत होता आणि उत्तर देताना वहिनी दरवेळी मान वळवून उजवा कान दाराकडे करत होत्या. बाबांनी शेंग खाली ठेवली.

"डावा का?" त्यांनी विचारलं.

बहिऱ्या माणसाचं हळू बोलणं म्हणजे दवंडीच. "बाबा, हळू!"

"काय?"

"हळू बोला!"

"हळू काय? माझाही डावाच गेला आधी!" बाबा आणखी मोठ्याने म्हणाले. "अशीच मान वळवायचो मी. अकरा वर्षं वळवली! तुझ्या सासूलासुद्धा सांगितलं नाही. ट्रम्पेटवाला बहिरा झाला म्हटलं तर बोलावणार कोण? मग उजवाही गेला. मग सांगायचं काही राहिलंच नाही."

नवरा दारात येऊन उभा राहिला. "डावा काय? काय गेलं?"

वहिनी रडायला लागल्या. शेंगांची परात मांडीवरच होती. सोळा दिवस दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं: शिट्टी, शाळेतला पियानो, दोन सूर. नवरा खाली फरशीवरच बसला. म्हणाला, "आणि मी काल तुला नवशिकी म्हणालो."

"उद्या घेऊन जा तिला," बाबा म्हणाले. "आजच जा."

कान तपासणाऱ्या बाई वयस्कर होत्या आणि बोलायला फटकळ. "सोळा दिवस?" त्या म्हणाल्या. "अहो, असं झालं की दुसऱ्या दिवशी यायचं. आधी आलं तर कधी कधी उपाय असतो." वहिनींना वाटलं, आत्ताच्या आत्ता पळून जावं.

त्यांना एका छोट्या, जाड भिंतींच्या खोलीत बसवलं. दार बंद झालं आणि अशी शांतता पसरली की शिट्टीशिवाय काहीच उरलं नाही. कानांवर यंत्र चढवलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. उजवा कान सरळ पार पडला. डाव्याला काही वेळ आवाज येत होते, मग बारीक होत गेले, मग बंद झाले. आत्ता वाजतंय का? की ही माझीच शिट्टी? काचेपलीकडे बाई खाली बघून बटणं फिरवत होत्या. म्हणजे काहीतरी वाजत होतं. वहिनींचा अंगठा बटणावर टेकलेला राहिला, दाबला मात्र गेला नाही.

बाईंनी कागद पुढे ठेवला. डाव्या कानाची रेघ सरळ येऊन उंच सुरांपाशी खड्ड्यात पडली होती.

"भरून येईल?" नवऱ्याने विचारलं.

"थोडं येईल कदाचित. सगळं येईल असं मी सांगणार नाही. दोन सूर ऐकू येणं बरेचदा कमी होतं. पण आता यापुढे खड्डा वाढू द्यायचा नाही, ते आपल्या हातात आहे. कानात काय घालत होतात?"

वहिनींनी पाकीट दाखवलं.

"हे वाईट नाही, तुमच्या कामाचं नाही," बाई म्हणाल्या. "हे उंच आवाज जास्त खातं आणि खालचे कमी. सगळं चिखलात बुडाल्यासारखं होतं. मग वाजवणारा वैतागतो आणि मधेच काढून टाकतो. काढलं की संपलं. दोन मिनिटं उघड्या कानाने झांज खाल्ली की तासाभराची राखण वाया. वाजवणाऱ्याला लागतं ते वेगळं. कानाचा साचा घेऊन बनवायचं, आत बारीक गाळणी. सगळे सूर सारखे खाली येतात. गाणं तेच राहतं, लांबून ऐकल्यासारखं."

"कुठला आकडा?"

"मोठा नको. गाळण्या तीन असतात: नऊ, पंधरा, पंचवीस. तुम्हाला पंधरा पुरेल. पत्र्याखाली वाजवायचं असेल तर पंचवीस. आणि हो, बोळा कितीही चांगला असला तरी झांजेजवळ बसायचं नाही."

साचा घ्यायला बाईंनी आधी दोरा बांधलेला कापसाचा गोळा आत सारला आणि मग गार, मऊ लगदा कानात भरला. डावा कान बंद झाला. मग उजवाही. वहिनींना दिसत होतं की नवऱ्याचे ओठ हलताहेत. त्याने काय म्हटलं ते कळलं नाही. पाच मिनिटं तसं बसायचं होतं. त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पाच मिनिटांत मनाने त्या म्हाताऱ्या झाल्या, खणात यंत्र टाकून चेहरे बघत बसल्या.

बोळे यायला दहा दिवस लागले. तोवर त्यांनी वाजवलं नाही. पियानो जुळवले तेही उजव्या कानाने, आणि दर चार सुरांनी सूर मोजणाऱ्या यंत्रावर ताडून. दिराला सांगितलं तेव्हा त्याने हसण्यावारी नेलं. "वहिनी, मी तर रोज त्या झांजेमागेच बसतो. मला बघा काही झालंय का?" पण पुढच्या सरावाला आला तेव्हा त्याने ड्रम भिंतीपाशी सरकवले आणि वहिनींची जागा पार दुसऱ्या टोकाला, गिटारवाल्याच्या पलीकडे केली.

सरावाची खोली सायकलच्या दुकानावर होती, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. वहिनींनी नवे बोळे घातले. पहिले दोन दिवस त्यांना स्वतःच्या कीबोर्डचा भरवसाच वाटेना. तिसऱ्या दिवशी गाणारीने एक तान घेतली आणि त्यातलं प्रत्येक अक्षर त्यांना ऐकू आलं. झांजही ऐकू आली, आपल्या जागी, लांब. त्या वाजवता वाजवता थांबल्या. नवऱ्याने घाबरून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "पुढे चला."

तीन महिन्यांनी फेरतपासणी झाली. खड्डा थोडा भरला होता, सगळा नाही. दोन सूर जवळजवळ एक झाले होते. शिट्टी शांत खोलीत अजून होती आणि राहील, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. प्रत्येक कार्यक्रमाआधी, बोळा नीट बसलाय ना म्हणून वहिनी आजही तीन-तीनदा चाचपतात.

फेरतपासणीच्या दिवशी गाडी चालवायला म्हणून दीरही बरोबर आला होता. "तुम्हीही बसा की आत," बाई त्याला म्हणाल्या. "पाच-दहा मिनिटांचं काम." तो चेष्टा करतच आत गेला. काचेतून वहिनींना तो दिसत होता. हळूहळू त्याचं हसू ओसरलं. मग तो बटण हातात धरून, कपाळाला आठ्या घालून नुसता बसून राहिला, कितीतरी वेळ.

बाहेर आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता. कागदावर दोन्ही रेघा वहिनींच्या रेघेहून खोल गेल्या होत्या. दीर तो कागद उलटा-सुलटा करून बघत राहिला.

"वहिनी," त्याने विचारलं, "तो साचा घेताना दुखतं का हो?"

"नाही, भाऊजी," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या. "गार लागतं थोडं. मी थांबते इथेच."