दोन मॉडेम आणि नागपूरचा फोन

आमच्या नातेवाइकांत गेली चोवीस वर्षं एक गोष्ट पक्की मानली जाते: ताईचं नागपूरचं स्थळ माझ्या इंटरनेटमुळे हातचं गेलं. लग्नकार्यात चार माणसं जमली की कोणीतरी हा विषय काढतंच. मग सगळे हसतात, ताईही हसते, आणि मी काहीतरी काम काढून तिथून उठतो. उगीचचा आळ असता तर भांडलो असतो. हा खरा होता, म्हणून राग गिळावा लागे.

तेव्हा आम्ही रांझीला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. नागपूरची मंडळी ताईला बघून गेली होती आणि गुरुवारी संध्याकाळी फोनवर काय ते कळवणार होती. आई-बाबा सहा वाजल्यापासून पुढच्या खोलीत फोनजवळ बसलेले. मागच्या खोलीत त्याच फोनची तार ओढून मी मॉडेम लावला होता. आज त्यावर बसायचं नाही, असं मला बजावलं होतं. पण असे फोन लोक जेवणं झाल्यावर करतात असा माझा अंदाज, आणि वय वीस. मी दार लोटून सहालाच नेट जोडलं आणि एक गेम उतरवायला लावला. साडेसातला बाबांनी, फोन बंद तर पडला नाही ना हे बघायला, रिसीव्हर उचलला. त्यांच्या कानात करकर झाली आणि इकडे माझं नेट तुटलं. गेम जवळजवळ उतरला होता. बाबा ओरडायच्या आत मीच त्यांच्यावर ओरडलो, "दीड तासात एकदाही तुटलं नव्हतं!" त्याची मला अजून लाज वाटते.

त्या रात्री फोन आला नाही. आठवड्याने मध्यस्थ काकांनी सांगितलं की नागपूरच्यांनी संध्याकाळभर फोन लावला, पण तो एंगेजच येत होता. तुमच्याच मनात नाही असं समजून त्यांनी दुसरीकडे ठरवलं. आईने सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडलं. पुढे दोन-तीन स्थळं आली, जमली नाहीत. ताई शाळेत फिजिक्स शिकवत राहिली. आता ती मदन महल भागात आमच्याबरोबरच राहते. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, आई मागच्या वर्षी गेली.

यंदा माळ्यावरून तो जुना कॉम्प्युटर खाली काढला आणि त्यावर पुन्हा तसंच नेट चालवायची लहर मला आली. बायको म्हणाली, लोक जुन्या गाड्या ठेवतात, पण त्यांत निदान बसता तरी येतं.

आमच्याकडे आता टेलिफोनची जुनी लाइन नाही, आणि नंबर लावून नेट देणारंही कोणी मला सापडलं नाही. म्हणजे दोन्ही टोकं मलाच उभी करायची होती. इकडे जुना कॉम्प्युटर आणि मॉडेम, तिकडे फोन उचलून त्याला नेट देणारा दुसरा कॉम्प्युटर आणि दुसरा मॉडेम, आणि मध्ये एक्स्चेंजचं काम करायला ऑफिसांत असतो तसा इंटरकॉमचा डबा. डबा आणि दुसरा मॉडेम गोहलपुरात एका भंगारवाल्याकडे मिळाले. चलेगा क्या, असं मी विचारलं. "भैया, चलता तो हमारे पास काहे आता?" तो म्हणाला. मुद्दा बरोबर होता. तरी घेतले.

पहिले दोन रविवार मॉडेम एकच हट्ट धरून बसला: डायल टोन नाही. रिसीव्हर कानाला लावला की मला तर टोन स्वच्छ ऐकू येई. मग लक्षात आलं की त्याला शहरातल्या एक्स्चेंजचा टोन ठाऊक, या डब्याचा टोन थोडा निराळा, आणि मॉडेम त्याला टोन मानायलाच तयार नाही. टोनची वाट बघू नकोस, सरळ नंबर लाव, अशी आज्ञा मॉडेमला देता येते. ती दिल्यावर गुपचूप नंबर लागला. ती शिट्टी आणि ती खरखर ऐकून मला फार बरं वाटलं, वयाला न शोभण्याइतकं.

पण नेट टिकेना. दहा मिनिटं झाली की तुटलं. मी तारा बदलल्या, पिना घासल्या, डब्याला मनसोक्त शिव्या घातल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. डब्याला चार फोन लागत होते म्हणून हौसेने एक मी स्वयंपाकघरात ठेवला होता, आणि त्यावरून ताई मला कधी चहाला, कधी पोह्यांना बोलावत होती. तिचा फोन आला की डबा माझ्या चालू लाइनवर टिकटिक वाजवी. कॉल वेटिंग. बोलत असलेल्या माणसाला त्याने दुसरा फोन आल्याचं कळतं. मॉडेमची मात्र त्या टिकटिकीने तारांबळ उडते आणि तो लाइन सोडून देतो. फोन करणाऱ्याला तर एंगेज ऐकूच येत नाही, नुसती रिंग जात राहते.

ती सोय बंद करायला हात पुढे केला आणि तसाच थांबलो. रांझीच्या फोनलाही कॉल वेटिंग होतं. आणि त्या गुरुवारी माझं नेट दीड तास अखंड चाललं होतं. म्हणजे त्या वेळात आमच्याकडे कोणाचाच फोन आला नव्हता. नागपूरच्यांनी लावलाच नव्हता. त्यांना मुलगी पसंत नव्हती, आणि नकार कडू लागू नये म्हणून एंगेजची गोष्ट रचली होती.

मी सुटलो होतो. पहिला विचार आला तो हा विषय हमखास काढणाऱ्या मावशीला लगेच फोन करायचा, खोटं कशाला सांगू. दुसरा विचार आला आणि मी बसूनच राहिलो. माझी सुटका म्हणजे ताईला जाऊन सांगणं, की तुला त्यांनी नाकारलं होतं. इतकी वर्षं तिच्याजवळ 'ठरलंच होतं' एवढं तरी होतं. ते काढून घेऊन मला चार लोकांत ताठ मान मिळणार होती. ती मला फार हवी होती, हेही खरं.

तेवढ्यात ताई स्वतःच चहा घेऊन आली. "फोन काहून नाही उचलत? किती वेळची लावून राहिली मी." मी नुकतंच पुन्हा जोडलेलं नेट आणि ते मघाशी तुटल्याची नोंद तिने स्क्रीनवर बघितली. "मी लावला की तुटते का हे?"

"नाही, तार ढिली आहे."

तिने टेबलावरचा दुसऱ्या लाइनचा फोन उचलून मॉडेमचा नंबर फिरवला. नेट तुटलं. एकदा बघून फिजिक्सच्या बाईंचं भागत नाही. मला पुन्हा जोडायला लावलं, पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा तुटलं.

"कॉल वेटिंग," ती म्हणाली.

"या डब्यात आहे ते. रांझीच्या फोनला नव्हतं," मी घाईघाईने म्हटलं. चोराच्या मनात चांदणं. रांझीचं नाव तिने काढलंही नव्हतं.

"होतं ना. अर्ज मीच लिहिला होता, बाबांची सही घेऊन. तू नेटवर असला तरी नागपूरचा फोन सुटू नये म्हणून." ती खुर्चीत बसली. "माझ्या मैत्रिणींचा फोन आला की तुझं तुटायचं, आठवते? त्या दिवशी तू बाबांवर ओरडला, एकदाही नाही तुटलं म्हणून. मला तेव्हाच समजलं."

"मग बोलली काहून नाहीस?" माझा आवाज चढला.

"कोणाले बोलू? आई सगळ्यांना सांगून राहिली होती, पोरीचं ठरलंच होतं, फोन लागला नाही. त्यावर तर तिची मान वर होती." तिने कप माझ्याकडे सरकवला. "आई गेल्यावर तुला सांगणार होती. सच बताऊँ? मलापण ते ऐकायला बरं वाटायचं."

मी चिडलो होतो आणि मला रडूही येत होतं. चिडायचं कोणावर, तेच समजत नव्हतं. शेवटी मी डब्यातलं कॉल वेटिंग बंद केलं आणि आम्ही दोघांनी चहा घेतला.

पुढच्याच महिन्यात मावशीच्या नातवाचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत विषय निघालाच. "तुझ्या त्या नेटाने घात केला रे हिचा," मावशी म्हणाली आणि सगळे हसले. ताई हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

"हो ना मावशी," मी म्हटलं. "बिचारे नागपूरचे लोक फोन लावून लावून थकले."