दुसऱ्या गटाची ओळ

ओसाकात आमच्या घराजवळ वृद्धांचं एक केंद्र आहे. तिथे दर बुधवारी जुनी जपानी गाणी दोन गटांत म्हणतात. पहिल्या गटाची ओळ संपली की ते पुढे जातात आणि दुसऱ्या गटाने तीच पहिली ओळ उचलायची. मी भाषा शिकायला म्हणून जाते आणि दुसऱ्या गटात किमुरा आजींशेजारी बसते. कधी सुरू करायचं ते मला अजून कळत नाही, म्हणून त्या माझा हात धरून ठेवतात आणि वेळ आली की दाबतात.

परवा समोरच्या गटाची ओळ संपली, आमचे बाकीचे गाऊ लागले, पण माझा हात कुणी दाबला नाही. आजी खिडकीकडे बघत होत्या, ओठ मिटलेले. सांगलीला आईसुद्धा हल्ली फोनवर बोलता बोलता अशीच थांबते.

मग मीच त्यांचा हात दाबला. आजी वळल्या, परक्या माणसाकडे बघून हसावं तशा हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कुणाकडे आलात?"

समोरच्यांनी म्हटलेली ओळ जरा वेळाने आपल्या वाट्याला येतेच, असा हा गाण्याचा प्रकार.

घरी येऊन आईला फोन करायचा होता. अजून केलेला नाही.